दस्ता, चेसिस आणि नेमबाजाचं माप

प्रस्तावना

नवी रायफल घ्यायची वेळ आली की रेंजवर एक प्रश्न हमखास निघतो: लाकडी दस्त्याची घ्यावी की चेसिसची? विचारणाऱ्यानं उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये दिसते ती निळी-चंदेरी, स्क्रू आणि पट्ट्यांनी भरलेली रायफल म्हणजे पुढारलेली; अक्रोडाच्या लाकडाची, तेल पिऊन गडद झालेली ती जुन्या जमान्यातली, असा त्याचा हिशोब. वर्षानुवर्षं लाकडाला गाल लावून बसलेल्या मंडळींचा हिशोब नेमका उलटा. ॲल्युमिनियमचा सांगाडा हातात दिला तर त्यांना ती रायफलच वाटत नाही. दोन्ही बाजूंना अनुभव आहे, दोन्ही बाजूंना पदकंही आहेत. वाद मात्र सुटत नाही, कारण लाकूड आणि धातू यांच्या नावानं आपण दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीवर भांडत असतो.

ती गोष्ट कोणती, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं. थोडक्यात सांगायचं तर, दस्त्याला दोन धनी असतात: एक रायफल, दुसरा नेमबाज. लाकडी दस्ता एकाच तुकड्यात दोघांची चाकरी करतो. चेसिसनं ही दोन कामं वेगळी केली. ती वेगळी होताच माप घेण्याचं काम कारागिराच्या हातून निसटलं आणि नेमबाजाच्या हाती आलं. हे ज्याच्या ध्यानात आलं त्याला लाकडी दस्ताही पुरतो. ज्याच्या ध्यानात आलं नाही, त्याला सर्वांत महागडी चेसिसही फारसं काही देत नाही.

आधी ही दोन कामं नीट पाहून घेऊ.

रायफलीचा जीव नळीत आणि ॲक्शनमध्ये. नळी ॲक्शनमध्ये पक्की बसवलेली, ॲक्शनमध्ये बोल्ट, खाली ट्रिगर. एवढं सामान शिकंज्यात धरून गोळी झाडता येते. .२२ ची काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नळीला कुठला लॉट मानवतो ते असंच ठरवतात. तिथं दस्त्याची गरज नसते, कारण तिथं माणूस नसतो. माणूस आला की त्या पोलादी नळकांड्याला खांद्याशी, गालाशी आणि दोन हातांशी जोडावं लागतं. हा जोड म्हणजे दस्ता.

त्याचं पहिलं काम ॲक्शनला बैठक देणं. गोळी सुटते तेव्हा ॲक्शनला मागे धक्का बसतो, नळी कंप पावते आणि मग सगळं पुन्हा जागेवर येतं. ‘पुन्हा जागेवर’ हे महत्त्वाचं. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. साधारण पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या नळीचं तोंड बाजूला ०.०६५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास डोक्याच्या केसाच्या जाडीइतकं, सरकलं तर पन्नास मीटरवर गोळी ५ मिलिमीटर हलते. नेमकी मधोमध लागणारी गोळी तेवढ्यानं दहाच्या कडेवर जाते. फायनलमध्ये गुण दशांशात मोजले जातात, तिथं हे अंतर पदकाचं असतं. म्हणून ॲक्शन दर गोळीनंतर त्याच ठिकाणी, त्याच ताणात परत बसली पाहिजे. साठ गोळ्यांत एकदाही ‘जरा इकडे’ चालत नाही.

दुसरं काम माणसाचं. खांद्याला बटप्लेट, गालाला चीकपीस, उजव्या हाताला ग्रिप, डाव्या हाताला फोरएंड. रायफल आणि शरीर यांची भेट या चार जागी होते. या जागा शरीराला जुळल्या तर रायफलीचं वजन हाडांवर येतं आणि स्नायू सैल राहतात. जुळल्या नाहीत तर मान ताणून, खांदा उचलून, मनगट वळवून त्या जुळवाव्या लागतात. पहिल्या दहा गोळ्यांना हे कळत नाही. चाळिसाव्या गोळीला मान थरथरायला लागते आणि नेमबाज म्हणतो, आज लक्ष लागत नाहीये.

पहिल्या कामाला हवा ताठपणा आणि बदल न होणं. दुसऱ्याला हवी प्रत्येक शरीराप्रमाणे बदलण्याची सोय. एकाच वस्तूकडून या परस्परविरुद्ध अपेक्षा. शंभर-दीडशे वर्षांचा दस्त्याचा इतिहास हा या ओढाताणीचा इतिहास आहे.

लाकडानं ती ओढाताण बराच काळ चांगली सांभाळली. अक्रोड उगीच निवडला गेला नाही. तो हलका असतो, रेषा घट्ट असतात, धक्क्यानं सहसा चिरत नाही, कानशीनं हवा तसा घडवता येतो, थंडीत गालाला बोचत नाही. कंपनं शोषण्यातही लाकूड ॲल्युमिनियमपेक्षा सरस. जुने नेमबाज लाकडी रायफलीचा धक्का ‘मऊ’ असतो म्हणतात, त्यात आठवणींचा गोडवा थोडा असला तरी पदार्थविज्ञानही आहे. शिवाय कसबी कारागीर असेल तर तो नेमबाजाला उभं करून, मान पाहून, हाताची वीत पाहून दस्ता घडवतो. असा दस्ता त्या एका माणसाला जसा बसतो तसं दुसरं काही बसत नाही.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेली .३०३, म्हणजे ली-एन्फिल्ड, या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. तिचा दस्ता अखंड नसतो. मागचा भाग वेगळा, पुढचा वेगळा, मधे ॲक्शनचा पोलादी खोबणा, आणि मागचा दस्ता आतून आलेल्या एका लांब बोल्टानं त्यात आवळलेला. हा मागचा भाग वेगवेगळ्या लांबीचा मिळे. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे शस्त्रागारातला कारागीर तो बदलून देई. म्हणजे एकच माप सगळ्यांना चालत नाही, हे लष्करी रायफलीनंही मान्य केलं होतं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या या रायफलींच्या पुढच्या दस्त्यात एक जादा आडवा स्क्रू दिसतो. तो आहे लाकूड उभं चिरू नये म्हणून. लाकूड कुठं हार मानतं, ते त्या एका स्क्रूवरून कळतं.

आणखी जवळून पाहायचं असेल तर एखाद्या जुन्या लाकडी टार्गेट रायफलीचे ॲक्शन स्क्रू काढून ॲक्शन वर उचलावी. आतल्या खाचेत लाकूड काही ठिकाणी काळं आणि आरशासारखं गुळगुळीत झालेलं असतं. दर गोळीला पोलाद तिथं दाबलं गेलेलं असतं. बाकीच्या जागी लाकूड अजून कोरं, कानशीच्या रेघांसकट. कागदावर ॲक्शन सगळीकडे टेकलेली असते. प्रत्यक्षात ती त्या चार-पाच काळ्या डागांवर उभी असते. स्क्रूच्या भोकाभोवती लाकूड किंचित खचलेलं दिसतं. स्क्रू सैल वाटला की कुणी तरी तो अर्धा फेरा जास्त आवळला, लाकडाचे धागे दबले, पुन्हा सैल झाला, पुन्हा आवळला. त्याची ही खूण. यावरचे उपाय जुनेच आहेत. खाचेत इपॉक्सी ओतून ॲक्शनच्या आकाराची घट्ट बैठक तयार करायची, याला बेडिंग म्हणतात. स्क्रूच्या भोकात धातूची नळी बसवायची, म्हणजे आवळण्याचा जोर लाकडावर न येता धातूवर येतो. नळी लाकडाला कुठंच टेकू द्यायची नाही. हे सगळं नीट केलेली लाकडी रायफल आजही कुणाला हार जाणार नाही.

मग अडलं कुठं? ओलीत. उष्णतेनं लाकूड फारसं वाढत नाही, पण हवेतलं पाणी ते पीत राहतं. हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी मुरलेलं असतं. ९० टक्क्यांवर ते २० टक्क्यांच्या आसपास जातं. तेल, लाख, वार्निश यांनी हा वेग कमी होतो, थांबत नाही. शिवाय लाकूड धाग्याच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडव्यात फुगतं, आणि धागे सरळ नसतील तर पिळवटतं. पुण्यातला कोरडा एप्रिल आणि ओलाचिंब जुलै यांत एकच रायफल दोन वेगळ्या स्वभावांची होते. मुंबई-कोकणच्या नेमबाजांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात झिरो का सरकला याचं उत्तर कधी साईटमध्ये असतं, कधी श्वासात, आणि कधी नळीला हळूच टेकलेल्या फोरएंडमध्ये.

हा धडा सैन्यांनाही मोल देऊन शिकावा लागला. व्हिएतनाम युद्धात १९६६ मध्ये अमेरिकन मरीन दलानं रेमिंग्टन ७०० वर आधारलेली एम-४० ही रायफल घेतली. दस्ता अक्रोडाचा. तिथल्या दमट हवेत तो फुगून वाकू लागला. १९७० च्या दशकात आलेल्या तिच्या सुधारित आवृत्तीत लाकूड गेलं आणि फायबरग्लासचा दस्ता आला. हा महत्त्वाचा टप्पा होता, पण त्यात बदललं ते फक्त साहित्य. आकार तोच, एकाच तुकड्यात दोन्ही कामं तीच. ओलीचा प्रश्न सुटला, मापाचा सुटला नाही.

कामंच वेगळी करण्याचं पाऊल ज्या माणसाशी जोडलं जातं तो ऑलिंपिक नेमबाज होता, ही मला या साऱ्या कथेतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ब्रिटनचा माल्कम कूपर. १९८४ ला लॉस एंजेलिस आणि १९८८ ला सोल, अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये त्यानं पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं सुवर्ण जिंकलं. त्याआधीच, १९७८ मध्ये, त्यानं सहकाऱ्यांबरोबर ॲक्युरसी इंटरनॅशनल ही छोटी कंपनी काढली होती. ब्रिटिश लष्कराला तेव्हा एल-४२ या स्नायपर रायफलीची जागा घेणारी नवी रायफल हवी होती. एल-४२ म्हणजे ली-एन्फिल्डचीच लाकडी दस्त्याची धाकटी पाती. या छोट्या कंपनीची रायफल निवडली गेली आणि एल-९६ या नावानं सैन्यात दाखल झाली. तिच्या पोटात ॲल्युमिनियमचा एक लांब कणा होता. ॲक्शन त्या कण्याला घट्ट जोडलेली. बाहेरून प्लास्टिकची दोन कवचं फक्त हातात धरण्यासाठी. कवच तडकलं, ओलं झालं, बदललं, तरी नळीला त्याचा पत्ता लागत नसे. रायफलीचा चाकर वेगळा झाला, माणसाचा वेगळा. तीन वेगवेगळ्या पोझिशनमध्ये एकाच रायफलीशी जुळवून घेण्याची सवय असलेल्या माणसाच्या रायफलीतून ही मांडणी पुढे आली, याचं नवल वाटत नाही.

आजची चेसिस या कण्याचीच वंशज. गोल ॲक्शनसाठी कण्यात बहुधा व्ही आकाराची खाच असते. दोन उतारांवर गोल नळकांडं ठेवलं की ते आपोआप मधोमध बसतं. इपॉक्सीची बैठक कारागिराला तासन् तास खपून करावी लागते, ती इथं यंत्रावर कापून तयार मिळते. स्क्रू धातूतून धातूत जातात, त्यामुळे आवळण्याचा जोर मोजून देता येतो. रेमिंग्टन ७०० च्या घडणीच्या रायफलींसाठी ॲल्युमिनियम चेसिसमध्ये साधारण ७ न्यूटन-मीटर हा आकडा प्रचलित आहे. तुमच्या .२२ चा आकडा वेगळा असेल, तो कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. कण्याला मागून बट, वरून चीकपीस, खालून ग्रिप, पुढून फोरएंड असे सुटे भाग जोडले जातात आणि प्रत्येक भाग वर-खाली, पुढे-मागे, बऱ्याचदा तिरकाही करता येतो.

धातूचं कौतुक करतानाही आकडे हाताशी ठेवलेले बरे. ॲल्युमिनियम अक्रोडापेक्षा सुमारे सहा पट ताठ, पण चौपट जडही. तेवढ्याच वजनाचा हिशोब केला तर ही आघाडी साधारण दीडपटीवर येते. निसर्गानं लाकूड किती कसून बनवलंय ते यातून कळतं. उन्हात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर ठेवलेल्या रायफलीचा स्क्रू सकाळी मोजलेल्या ताणावर राहीलच असं नाही. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम स्वतः गंजत नाही, पण त्यात बसलेले पोलादी स्क्रू समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि घामात जाम होतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या नेमबाजांनी वर्षातून दोन-तीनदा ते काढून, पुसून, ग्रीसचा पुसट हात देऊन परत लावले नाहीत तर एक दिवस ॲलन की गोल फिरते आणि स्क्रू जागचा हलत नाही. लाकडाची निगा तेलानं, चेसिसची निगा स्क्रूंची. निगेविना राहणारी रायफल अजून निघालेली नाही.

आता माणसाच्या बाजूनं पाहू. त्यासाठी थ्री पोझिशनपेक्षा चांगलं उदाहरण नाही आणि आपल्या वाचकांना ते परकंही नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या लाखो मराठी लोकांनी नीलिंग, प्रोन, स्टँडिंग हे शब्द बहुधा पहिल्यांदाच एवढ्या आस्थेनं ऐकले. पण दोन पोझिशनच्या मधल्या मोजक्या मिनिटांत नेमबाज रायफलीशी काय करत होते, याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं असेल.

प्रोनमध्ये नेमबाज पोटावर पडलेला असतो. डावं कोपर जमिनीला, स्लिंग दंडाला ताणलेली, डावा हात फोरएंडवर पुढे जाऊन हँडस्टॉपला अडलेला. डोकं पुढे झुकलेलं, त्यामुळे गाल चीकपीसवर एका जागी पडतो. स्टँडिंगमध्ये सगळं बदलतं. शरीर ताठ, कमरेला मागे बाक, डावं कोपर कमरेच्या हाडाशी किंवा बरगडीशी टेकलेलं, डावा हात मागे ट्रिगरजवळ येऊन राइजर ब्लॉक किंवा पाम रेस्टला धरून. डोळा आणि साईट एका रेषेत आणायला डोकं झुकवायचं नाही, रायफलच वर आली पाहिजे. नीलिंग या दोहोंच्या मधलं, आणि त्याचे हट्ट स्वतंत्र. शरीर तेच, रायफल तीच, पण मापं तीन. बटप्लेट किती बाहेर, किती खाली, किती तिरकी. चीकपीस किती उंच. हँडस्टॉप कुठल्या खुणेवर. हे सगळं काही मिनिटांत बदलून गाल परत टेकवायचा आणि पहिली गोळी दहामध्ये टाकायची. चेसिसवर कोरलेल्या मिलिमीटरच्या रेघा यासाठी असतात. शोभेसाठी नाहीत.

इथं लाकडाच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. लाकडी टार्गेट रायफलींवरही हलणाऱ्या बटप्लेट, खांद्याखाली जाणारे हूक, वर-खाली होणारे चीकपीस, फोरएंडखालचा धातूचा पट्टा हे सगळं कित्येक दशकांपासून होतंच. जर्मनीतल्या उल्मच्या आन्शुट्झ कंपनीच्या लाकडी रायफलींवर जगभरच्या नेमबाजांच्या पिढ्या घडल्या, त्या काही अखंड ओंडक्यावर नव्हे. टार्गेट रायफल लाकडी असतानाच अर्धीअधिक चेसिस झाली होती. उरलं होतं ते फक्त मधलं लाकूड. आज बऱ्याच चेसिसना ग्रिप आणि चीकपीस अक्रोडाचे असतात. जिथं त्वचा लागते तिथं लाकूड, जिथं पोलाद लागतं तिथं ॲल्युमिनियम. दोन्ही छावण्यांनी मुकाट्यानं तह केलेला आहे. भांडण उरलंय ते खरेदी करणाऱ्यांच्या गप्पांत.

नियमही पाहून घ्यावेत, कारण त्यांनीही दस्त्याला आकार दिला. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे पन्नास मीटर रायफल ८ किलोपर्यंत आणि दहा मीटर एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते. पन्नास मीटरला पाम रेस्ट, अंगठ्यासाठी आरपार भोक असलेली ग्रिप चालते. एअर रायफलला या दोन्ही गोष्टींना मनाई. त्यामुळे थ्री पोझिशनची एखादी सोय आवडली म्हणून ती एअर रायफलवर चढवता येत नाही. स्पर्धेच्या सकाळी उपकरण तपासणीत अडकलेला नेमबाज दिवसभर सावरत नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक प्रशिक्षकानं पाहिलेलं असतं. अमेरिकेत २०१२ पासून रुजलेल्या प्रिसिजन रायफल स्पर्धांमध्ये वजनाला असा लगाम नाही. तिथं अडथळ्यावर, पिशवीवर रायफल टेकवून लांबचं लक्ष्य साधायचं असतं, म्हणून चेसिसमध्ये पोलादाची वजनं भरतात. त्या व्हिडिओंतली चेसिस पाहून आपल्या रेंजसाठी निवड करू नये. शिकारीसाठी दिवसभर खांद्यावर वाहायची रायफल हा परदेशातला आणखी वेगळा विषय, आणि तिथं हलका दस्ता अजून पुढे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्न आपल्यापुरता मिटला. हे पुस्तक निव्वळ कागदी आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांच्या खेळापुरतं आहे.

आता चेसिसच्या सापळ्याबद्दल. सगळं हलवता येतं, म्हणून सगळं हलवलं जातं. सकाळी दोन नवव्या रिंगणात गेल्या की चीकपीस दोन मिलिमीटर वर. दुपारी तिसरी गेली की बटप्लेट तिरकी. संध्याकाळी मित्राची रायफल बरी वाटली म्हणून ग्रिप त्याच्यासारखी. आठवड्याच्या शेवटी कुणालाच सांगता येत नाही की मूळ माप काय होतं. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांवर चढवतात ती जड ट्रायल फ्रेम आठवा. काचा बदलत बदलत नंबर शोधायला ती उत्तम. पण नंबर सापडल्यावर तिच्यात रोज काचा घालत-काढत बसलं तर नजर स्थिर कशी होणार? चेसिस माप शोधायचं साधन आहे. माप सापडलं की तिला लाकडी दस्त्याइतकंच अचल मानायला शिकावं लागतं.

माप सापडलं हे कळतं कसं? एक परीक्षा सर्वांना ठाऊक असते, पण प्रामाणिकपणे फार थोडे घेतात. पोझिशन घ्यायची, लक्ष्यावर यायचं, डोळे मिटायचे, दोन-तीन सावकाश श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. साईट लक्ष्यावरून सरकलेली असेल तर रायफल तुमच्या स्नायूंच्या जोरावर तिथं होती, हाडांच्या नव्हे. बाजूला सरकली असेल तर आधी शरीर फिरवायचं, स्क्रू नव्हे. ती वर-खाली सरकत राहिली, किंवा दर वेळी गाल टेकवल्यावर डोळ्याला मागच्या साईटचं भोक शोधावं लागलं, तर मग बटप्लेटचा आणि चीकपीसचा विचार करायचा. एका वेळी एकच बदल, आणि त्या बदलावर निदान काही दिवसांचा सराव. म्युनिचला २०१० मध्ये तेजस्विनी सावंतनं पन्नास मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक विजेतेपद मिळवलं. साठ गोळ्या, तीनच गुण कमी. रायफल आणि शरीर यांची गाठ दर गोळीला त्याच जागी पडल्याशिवाय असा आकडा लागत नाही.

कुणी काय घ्यावं, याचं तपशीलवार उत्तर पुढच्या प्रकरणांत आहे. इथं फक्त क्रम सांगतो. पैसा मर्यादित असेल, आणि तो बहुतेकांचा असतोच, तर आधी नळी आणि तिला मानवणारी गोळी. मग अंगावर नीट बसणारं जॅकेट. मग माप. दस्त्याचं साहित्य सर्वांत शेवटी. वाढत्या वयाच्या मुलामुलींना चेसिसचा खरा फायदा आहे, कारण वर्षाला हाताची लांबी बदलते आणि दस्ता तिच्याबरोबर वाढवता येतो. पण पंचेचाळीस किलोच्या मुलीच्या हाती साडेपाच किलोची रायफल देताना आधी वजनाचा विचार करावा, रंगाचा नंतर. ज्याचं शरीर आणि पोझिशन स्थिर झाली आहे, जो एकाच पोझिशनमध्ये खेळतो आणि ज्याच्याकडे नीट बेडिंग केलेली जुनी लाकडी रायफल आहे, त्याला ती बदलायचं कारण मला दिसत नाही. थ्री पोझिशन खेळणाऱ्याला चेसिस जवळजवळ गरजेची. क्लबची एक रायफल पाच जण वापरत असतील तर ती चेसिसचीच असावी. प्रत्येकानं आपली मापं लिहून ठेवावीत म्हणजे भांडणंही कमी होतात.

एक सीमारेषा स्पष्ट सांगायला हवी. या पुस्तकात सांगितलेले बदल दस्त्याचे आणि मापाचे आहेत. ट्रिगरच्या आतली कामं, बोल्ट, नळी यांना घरी हात लावू नये. ती परवानाधारक आरमररकडेच द्यावीत. .२२ रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. लायसन्स, ने-आण आणि साठवण यांचे नियम पाळल्याशिवाय तिच्यावरचा कुठलाही प्रयोग हा खेळ राहत नाही. आणि ॲलन की हातात घेण्याआधी बोल्ट काढून चेंबर रिकामा असल्याची खात्री करावी, दरवेळी, रायफल आपलीच असली तरी.

पुस्तक तीन भागांत आहे. पहिला भाग बैठकीचा: लाकूड, लॅमिनेट, फायबरग्लास, ॲल्युमिनियम, त्यांची निगा आणि त्यांचे रोग. दुसरा मापाचा: चार जागा, तीन पोझिशन, आणि शरीर बदललं की मापं कशी बदलायची. तिसरा निवडीचा. ज्यांच्याकडे रायफल आहे त्यांनी दुसरा भाग आधी वाचला तरी चालेल. जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा.

आणि वाचायला बसण्याआधी आपल्या रायफलीची आजची मापं एका वहीत उतरवून काढा: बटप्लेटची लांबी, उंची आणि तिरपेपणा, चीकपीसची उंची, हँडस्टॉपची खूण, ॲक्शन स्क्रूचा टॉर्क. प्रत्येक मापापुढे तारीख घालून, शक्य असेल तर फोटोसकट. या पुस्तकातलं काही तरी तुम्ही करून पाहाल, त्यातलं काही जमेल, काही फसेल. फसलं तर जिथून निघालात तिथं परत येण्याचा रस्ता त्या वहीतच सापडेल.